गादीतला कापूस आणि राजाबाईचं घड्याळ

गेल्या महिन्यात पुतण्या पैसे मागायला आला. फ्युचर-ऑप्शनमध्ये बुडाला होता. "काका, फक्त एकदा. या वेळी नक्की निघतील." मी त्याला फोर्टात नेलं आणि राजाबाई टॉवरसमोर उभं केलं. इतिहासवेडा काका असला की पोरांना असले भोग भोगावे लागतात.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी म्हणे गाद्या-उशा उसवून कापूस विकला. दूरवर माणसं मरत होती आणि मुंबई मनातून म्हणत होती, युद्ध अजून थोडं चालू दे! याला क्रूरपणा म्हणत नाहीत, 'मार्केट सेंटिमेंट' म्हणतात.

आलेला पैसा शेअर्समध्ये घुसला. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका होत्या. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती बरं का! पण शेजारी श्रीमंत होताना दिसला की माणसाला समुद्रसुद्धा कोरडा दिसतो.

या सगळ्याचे राजे प्रेमचंद रायचंद. त्यांचा शब्द म्हणजे बँकेचा शिक्का. बँक ऑफ बॉम्बेने पुरेसं तारण न बघता कर्जं वाटली. गरिबाला आपण कागद मागतो, श्रीमंताला चहा विचारतो. तेव्हाही तेच होतं.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं. शांतता झाली आणि मुंबईत रडारड सुरू झाली. १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायचे होते, पण द्यायला कुणाकडेच नव्हते. कंपन्या कोसळल्या, प्रेमचंद बुडाले, पुढे ती बँकही गेली.

आता गंमत बघा. तेजीत असताना, १८६४ साली, प्रेमचंदांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि मग मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. अट एकच, मनोऱ्याला आईचं, राजाबाईचं नाव द्यायचं. १८७८ मध्ये तो बांधून झाला. जपून ठेवलेलं सगळं गेलं, देऊन टाकलेलं उरलं. तेजीत दानत दाखवणं सोपं असतं, हेही खरंच. पण तेजीत आई आठवणारे तरी किती निघतात?

पुतण्या म्हणाला, "काका, तेव्हा लोकांना अक्कल नव्हती." म्हटलं, सेबीचा २०२४ चा अहवाल वाच. तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन खेळणाऱ्या शंभरातल्या त्र्याण्णव सामान्य लोकांनी पैसे घालवले. अक्कल मोबाईलबरोबर फुकट येत नाही.

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "तुम्हीपण दिले होते की पन्नास हजार, मी नफ्यात होतो तेव्हा."

आता गप्प बसायची पाळी माझी. दिले होते खरे. तेव्हा मी त्याला 'आमच्या घरातला हुशार' म्हणत होतो. नफा झाला की पुतण्या आपला, तोटा झाला की आजकालची पिढी!

शेवटी त्याचं कर्ज फेडायला पैसे दिले, खेळायला नाही. ॲप त्यानं माझ्यासमोर काढून टाकलं. परत घेणार नाही याची खात्री मला नाही, त्यालाही नाही.

वर घड्याळाचे ठोके पडले. आम्ही दोघांनी आपापले मोबाईल काढून वेळ बघितली.