तेल, पाणी आणि सुजलेला पंजा

औषधाच्या रेणूतला एखादा अणू बदलला तर सूज किती उतरेल, याचा अंदाज आज संगणक देतो. या हिशेबाचं मूळ १८६८ सालच्या एडिंबरोत सापडतं. क्रम ब्राउन आणि फ्रेझर यांनी स्ट्रिक्नीनला एक मिथिल गट जोडला, तर झटके आणणारं ते विष चक्क स्नायू लुळे पाडू लागलं. परिणाम रचनेवर ठरतो, तेव्हा त्याचं समीकरण असणारच, असं दोघांनी मांडलं. पण रचना आकड्यांत कशी लिहायची?

तो आकडा बेडकांच्या पिल्लांमुळे मिळाला. मायर (१८९९) आणि ओव्हर्टन (१९०१) यांना आढळलं की, पदार्थ पाण्यापेक्षा ऑलिव्ह तेलात जितका जास्त विरघळतो, तितक्या कमी मात्रेत पिल्लं गुंगीत जातात.

कॅलिफोर्नियात पोमोना कॉलेजच्या कॉर्विन हॅन्शने तेलाऐवजी ऑक्टेनॉल घेतलं. पदार्थ, पाणी, ऑक्टेनॉल एकत्र घुसळायचं, थर वेगळे होऊ द्यायचे, कुठल्या थरात किती उतरला ते मोजून गुणोत्तराचा लॉग काढायचा. गंमत म्हणजे हॅन्श आणि जपानचा तोशिओ फुजिता यांचं १९६२चं गाजलेलं काम माणसाच्या औषधांवर नव्हतंच, रोपांची वाढ बदलणाऱ्या रसायनांवर होतं! १९६४ साली त्यांनी हा लॉग, म्हणजे रेणूची स्निग्धता, आणि रेणूचे विद्युतगुण एकाच समीकरणात बसवले. आकडेमोडीला संगणक आला.

सूज उतरवणारं औषध शोधायचं, तर समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला सुजेचाही आकडा हवा. तो विंटर आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्येच दिला होता. उंदराच्या मागच्या पंजात समुद्री शेवाळातलं कॅराजीनन टोचायचं आणि काही तासांनी पंजा किती फुगला ते मोजायचं. समीकरण कितीही देखणं असलं, तरी त्याची भिस्त या पंजावरच.

आपल्याकडे ‘व्होव्हेरान’ म्हणून खपणारं सूज उतरवणारं औषध डायक्लोफेनॅक रचनेवरून परिणाम ठरवण्याच्या याच विचारातून घडलं. आम्लता किती, तेल-पाण्याचं गुणोत्तर किती, रेणूतल्या दोन वलयांत पीळ कसा, हे सिबा-गायगीच्या रसायनतज्ज्ञांनी आधी ठरवलं. पीळ आणतात ते एका वलयावरचे दोन क्लोरीन अणू. शेजारची जागा अडवून ते दुसऱ्या वलयाला सपाट बसूच देत नाहीत.

गिधाडाचं मूत्रपिंड मात्र त्या हिशेबात कुठेच नव्हतं. हे औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, हे २००४ मध्ये पाकिस्तानातल्या पाहणीतून सिद्ध झालं. भारताने २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम हे औषध आलं, तेही आधी गिधाडांवर तपासून.