चष्म्याचा नंबर काढणारे काय शिकलेले असतात?

बडनेऱ्यात चष्म्याच्या दुकानात तुमचा नंबर काढणारे डोळ्यांचे डॉक्टर असतीलच असे नाही. ते ऑप्टोमेट्रिस्ट आहेत का, हे जरूर विचारा. त्यात संकोच कसला? बारावी सायन्सनंतर बी. ऑप्टम. ही पदवी असते, त्यात 1 वर्ष इंटर्नशिप. 2021 च्या केंद्रीय कायद्यात या व्यवसायाचा समावेश आहे.

विद्यार्थी रेटिनोस्कोपने बाहुलीत प्रकाश टाकून नंबर काढायला शिकतात. बोलता न येणाऱ्या बाळाचाही नंबर असा निघतो. कॉम्प्युटर मशीनची चिठ्ठी ही फक्त सुरुवात असते. मुले मशीनमध्ये पाहताना डोळ्यावर ताण देतात, त्यामुळे मायनस नंबर जास्त दिसू शकतो. म्हणून मुलांचा पहिला नंबर डोळ्यात थेंब टाकून तपासून घ्या. नुसत्या चिठ्ठीवर मुलाचा चष्मा बनवू नका.

ऑप्टोमेट्रिस्ट डोळ्याचा दाब मोजतात, तिरळेपणा ओळखतात. ऑपरेशन करत नाहीत. मधुमेह असेल तर चष्मा बदलण्यावर थांबू नका, नेत्रतज्ज्ञांकडून वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासा. अचानक दिसेनासे झाले, विजेसारखे चमकले किंवा नजरेसमोर काळा पडदा आला, तर दुकानात न जाता त्याच दिवशी अमरावतीला इर्विनमध्ये किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे जा.