तलकाडचा शाप आणि मुलांचा वॉर्ड

म्हैसूरपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर, कावेरीकाठी तलकाडची जुनी देवळे वाळूखाली गेली. राजा वोडेयार यांनी १६१० मध्ये विजयनगरच्या प्रतिनिधीकडून श्रीरंगपट्टण घेतले. त्या प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा हिच्यामागे दागिन्यांसाठी शिपाई लागले, तेव्हा तिने शाप देऊन नदीत उडी घेतली, असे लोक सांगतात: तलकाडची वाळू होईल, मालंगीला डोह पडेल आणि म्हैसूरच्या राजांना मुले होणार नाहीत.

चौथे कृष्णराज वोडेयार अपत्यहीन गेले. १९४० मध्ये गादी पुतण्याकडे आली. याच राजाच्या कारकिर्दीत, १९२४ साली, म्हैसूर मेडिकल कॉलेज स्थापन झाले. त्याला जोडलेल्या चेलुवांबा या स्त्रिया व मुलांच्या रुग्णालयात आज बालरोगाचे निवासी डॉक्टर शिकतात.

तान्हे बाळ कुठे दुखते ते सांगत नाही. म्हणून आईचे ऐकायचे, औषध वजनावर बेतायचे, रडे थांबल्यावर पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. खोकणाऱ्या बाळाचे श्वास दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर न्युमोनियाचा संशय घ्यायचा. हे वाचून येत नाही. खाटेशी उभे राहून, वरिष्ठांच्या नजरेखाली हाताला वळण लागते.

शापातला कन्नड शब्द 'मक्कळु', म्हणजे मुले. बालरोगतज्ज्ञाला कन्नड माणूस 'मक्कळ वैद्य' म्हणतो; मराठी शब्दात मूल आणि वैद्य यांच्यामध्ये रोग येतो.

दंतकथेने राजवाड्यातला रिकामा पाळणा लक्षात ठेवला. कावेरीकाठच्या झोपड्यांतले पाळणे तिने मोजले नाहीत. रात्रपाळीचा निवासी डॉक्टर श्वास मोजतो, तेव्हा मूल कुणाचे हे विचारत नाही.