हौशी रेडिओतील पर्यायी फेराइट कोअर

लोहाच्या ऑक्साइडमध्ये निकेल, मँगनीज, जस्त यांची ऑक्साइडे मिसळून भट्टीत भाजली, की फेराइट हे काळे, ठिसूळ चुंबकीय सिरॅमिक तयार होते. टोकियोतील योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई यांनी १९३० मध्ये त्याचा शोध लावला. त्याच्या उत्पादनासाठी १९३५ मध्ये टीडीके ही कंपनी स्थापन झाली. नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक यांनी १९४० च्या दशकात या पदार्थांचा नियम मांडला : चुंबकीय पार्यता जितकी जास्त, तितक्या कमी कंप्रतेला फेराइटचे गुण ढासळू लागतात. एका कोअरच्या, म्हणजे ज्यावर तार गुंडाळतात त्या गाभ्याच्या, जागी दुसरा बसवताना हाच नियम आड येतो.

हौशी रेडिओचालकांना, म्हणजे हॅमना, सुरुवातीला याची फिकीर नव्हती. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा रोध हजारो ओमचा असे. जाड तांब्याच्या तारेची हवेतली कॉइल आणि फिरते कपॅसिटर यांवर तो अँटेनाशी जुळवता येई. १९६० नंतर ट्रान्झिस्टर आले आणि गणित उलटले. १२ व्होल्टवर १०० वॅट देणाऱ्या जोडीचा रोध जेमतेम तीन ओम भरतो. तो ५० ओमला, तेही सगळ्या शॉर्टवेव्ह पट्ट्यांवर, जुळवायला फेराइट कोअरवरचा विस्तृत पट्ट्याचा ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याची मूळ तत्त्वे गुआनेला यांनी १९४४ मध्ये आणि रुथरॉफ यांनी १९५९ मध्ये मांडली होती. १९७० च्या दशकात मोटोरोलातील हेल्गे ग्रॅनबर्ग यांनी अशा अ‍ॅम्प्लिफायरच्या आराखड्यांच्या टिपणिका लिहिल्या. घरी असे अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्यांनी त्या वर्षानुवर्षे वापरल्या.

या आराखड्यांतले कोअर अमेरिकेतले होते. तिथे अ‍ॅमिडॉन ही विक्रेती संस्था फेअर-राइटचे फेराइट आणि मायक्रोमेटल्सचे लोहभुकटीचे टोरॉइड, म्हणजे कड्याच्या आकाराचे कोअर, हॅमना किरकोळीत विकत असे. तिचे क्रमांकच पुढे आराखड्यांची भाषा झाले. एफटी-५०-४३ म्हणजे अर्धा इंच बाह्य व्यासाचा, ४३ क्रमांकाच्या मिश्रणाचा फेराइट टोरॉइड. ४३ ची पार्यता सुमारे ८००, ६१ ची १२५, तर ७७ ची २,००० च्या आसपास. पहिली दोन निकेल-जस्ताची, तिसरे मँगनीज-जस्ताचे.

अमेरिकेबाहेर हे क्रमांक दुकानात मिळत नसत. युरोपात ६१ ऐवजी फिलिप्सचे जांभळ्या रंगाचे ४सी६५ चाले, कारण दोन्हींची पार्यता सारखी. भारतात अशी सोयही दुर्मीळ होती. हैदराबादचे अशहर फरहान यांनी २००३ मध्ये बिटएक्स हा सुमारे सहा वॅटचा एसएसबी (सिंगल साइडबँड) संच रचला, तो इथल्या बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांवर. टोरॉइडच्या जागी त्यांनी नळाचे नायलॉन वॉशर घेतले. वॉशर चुंबकीय नसल्याने वेढे जास्त द्यावे लागतात. पण ट्यून केलेल्या कॉइलला तेवढे पुरते. विस्तृत पट्ट्याच्या ट्रान्सफॉर्मरला मात्र फेराइट टाळता येत नाही. तिथे टीव्हीच्या बॅलनचे कोअर कामी आले.

खरी फसगत दिसण्यातून होते. संगणकाच्या पॉवर सप्लायमधला काळा टोरॉइड ४३ सारखाच दिसतो; पण तो बहुधा मँगनीज-जस्ताचा असतो आणि शॉर्टवेव्हवर तापतो. पिवळा-पांढरा टोरॉइड लोहभुकटीचा २६ क्रमांकाचा. तोही तिथे ऊर्जा खातो. पार्यता जास्त म्हणजे कोअर चांगला, हा समजही टिकला नाही. जेरी सेविक यांनी केलेल्या मोजमापांत ट्रान्समिशन-लाइन प्रकारच्या विस्तृत पट्ट्याच्या ट्रान्सफॉर्मरची सर्वोत्तम कार्यक्षमता ३०० पेक्षा कमी पार्यतेच्या निकेल-जस्त फेराइटवर मिळाली.

त्यामुळे अनोळखी कोअरची परीक्षा मोजून घेण्याची रीत रुळली. कोअरवर दहा वेढे देऊन प्रवर्तकता मोजायची आणि तिला १०० ने, म्हणजे वेढ्यांच्या वर्गाने, भागायचे. त्यातून दर वेढ्याचा अंक मिळतो आणि हवे तितके वेढे काढता येतात. सर्वांत खालच्या कंप्रतेला गुंडाळीचा प्रतिबाध जोडलेल्या रोधाच्या चार ते पाचपट असावा, असा संकेत आहे. १.८ मेगाहर्ट्झला ५० ओमच्या बाजूस त्यासाठी सुमारे १८ ते २२ मायक्रोहेन्री लागतात.

एवढ्यावर भागत नाही, कारण लहान संकेतावर केलेल्या मोजणीत पूर्ण शक्तीवरचा ऱ्हास दिसत नाही. ४३ च्या मिश्रणाचे चुंबकत्व सुमारे १३० अंश सेल्सिअसच्या पुढे लोपते. मग प्रवर्तकता कोसळते आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर धोक्यात येतात. म्हणून पर्यायी कोअर आधी थोड्या शक्तीवर काही मिनिटे चालवतात, वीज बंद करून तो किती तापला ते पाहतात आणि मगच शक्ती पायरीपायरीने वाढवतात. एकच कोअर कमी पडत असेल, तर तशाच दोन-तीन कोअरची चवड रचून त्यावर गुंडाळी करतात. त्याने छेदाचे क्षेत्रफळ वाढते, चुंबकीय घनता उतरते आणि उष्णताही अधिक पृष्ठभागावर वाटली जाते.