दूरचित्रवाणीसाठी आवाज न करणारे स्ट्रीमिंग उपकरण

इंटरनेटवरील चित्रपट व मालिका दूरचित्रवाणी संचावर दाखविणाऱ्या छोट्या उपकरणास स्ट्रीमिंग स्टिक किंवा बॉक्स म्हणतात. भारतात 'क्रोमकास्ट' डिसेंबर २०१४ मध्ये २,९९९ रुपयांना, तर 'फायर टीव्ही स्टिक' २०१७ मध्ये ३,९९९ रुपयांना दाखल झाली. क्रोमकास्टचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले.

अंधेरी, घाटकोपर वा मुलुंड येथील अनेक लहान घरांत दूरचित्रवाणी, मुलांचा अभ्यास आणि ज्येष्ठांची झोप एकाच खोलीत असते. या कामी जुना संगणक जोडल्यास त्याच्या पंख्याची व हार्ड डिस्कची घरघर रात्री जाणवते. स्टिकमध्ये पंखा नसतो. अल्प विजेवर चालणारी चिप आपली उष्णता कवचातूनच बाहेर टाकते. म्हणून ती बंद कपाटात कोंडू नये. फार तापल्यास चिपचा वेग मंदावून चित्र अडखळते.

खरेदीपूर्वी संचाला एचडीएमआय जोडणी आहे का, हे पाहावे. संच फोर-के नसेल, तर फोर-के उपकरणावर जादा खर्च करण्याचे कारण नाही. 'वाइडवाइन एल-१' प्रमाणन नसलेल्या स्वस्त अँड्रॉइड बॉक्सवर नेटफ्लिक्ससारख्या सेवा एचडी चित्र देत नाहीत, खोक्यावर काहीही छापलेले असो. दाटीच्या इमारतींत शेजाऱ्यांच्या वाय-फायचा अडथळा होतो. तेथे ५ गिगाहर्ट्झची सोय उपयुक्त ठरते. ब्लूटूथ हेडफोन जोडता आल्यास घरातील इतरांची झोपही मोडत नाही.