स्टोमा-पिशवी : गळतीप्रतिबंधाचा इतिहास

कर्करोग, आतड्याचा अवरोध, इजा वा जन्मजात दोष यांमुळे नैसर्गिक मार्गाने मलविसर्जन अशक्य झाल्यास आतड्याचे टोक शस्त्रक्रियेने पोटाच्या भित्तीतून बाहेर आणतात. या कृत्रिम द्वारास ‘स्टोमा’ म्हणतात. त्याला आकुंचन पावणारे स्नायुवलय नसल्याने विसर्जनावर रुग्णाचा ताबा राहत नाही. म्हणून पोटावर पिशवी बसवावी लागते. पिशवी व त्वचा यांमधील सांधा अभेद्य ठेवणे, ही या उपचारातील मुख्य अडचण होय.

फ्रान्समधील ब्रेस्ट येथे द्यूरे यांनी १७९३ मध्ये गुदद्वार नसलेल्या अर्भकावर अशी शस्त्रक्रिया केली; ते मूल पुढे सु. ४५ वर्षे जगले. जीव वाचविण्याची युक्ती साधली, तरी त्यानंतर दीर्घकाळ रुग्णाच्या वाट्याला कापडाच्या घड्या आणि पट्ट्याने बांधलेली पात्रेच आली. गळती, दुर्गंधी व सोललेली त्वचा यांमुळे अनेकांना माणसांत मिसळणे अवघड होई.

यावर १९५० नंतर उपाय सापडत गेले. ब्रिटिश शल्यचिकित्सक ब्रायन ब्रूक यांनी १९५२ मध्ये लहान आतड्याचे टोक उलटवून ते त्वचेपासून उंच ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे पाचकरसयुक्त पातळ मल त्वचेवर न पसरता पिशवीत पडू लागला. डॅनिश परिचारिका एलिझ सोरेन्सेन यांनी १९५४ मध्ये बहिणीसाठी चिकटणाऱ्या, वापरून टाकून देण्याच्या पिशवीची कल्पना मांडली. याच दशकात अमेरिकेत रूपर्ट टर्नबुल यांनी कराया डिंकाचा उपयोग सुरू केला. हा डिंक कांडोळ (स्टर्क्युलिया यूरेन्स) या भारतीय वृक्षाचा असून महाराष्ट्राच्या शुष्क वनांतही हा वृक्ष आढळतो. ओलाव्याने फुगून तो त्वचेला चिकटतो. मात्र पातळ मलाने लवकर विरघळतो. म्हणून पुढे पेक्टिन, जिलेटीन इत्यादींपासून बनविलेल्या अधिक टिकाऊ चकत्या प्रचारात आल्या.

भारतात रुग्णांच्या साहाय्यासाठी मुंबईत १९७५ मध्ये ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. पिशवी मिळाली, तरी ती वापरण्याचे शिक्षण तितकेच आवश्यक असते. कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात पावसाळ्यातील दमट हवा आणि उसाच्या शेतातील वाकून करावयाची, घाम काढणारी कामे यांमुळे चकती सुटण्याचा संभव वाढतो.

गळती टाळण्यासाठी त्वचा साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करतात व तेलकट साबण वर्ज्य करतात. चकतीचे छिद्र स्टोम्यापेक्षा २–३ मिमी.च मोठे कापतात. शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडे स्टोमा आकसत असल्याने माप पुनःपुन्हा घ्यावे लागते. त्वचेच्या घड्या व खळगे लेपाने भरून काढतात. पिशवी एकतृतीयांश ते निम्मी भरताच रिकामी करतात. चकतीखाली खाज वा जळजळ जाणवणे ही गळतीची पूर्वसूचना असते. अशा वेळी वरून चिकटपट्टी न लावता चकतीच बदलावी लागते. गळती थांबल्यास बहुतेक रुग्ण शेती, नोकरी व प्रवास पूर्ववत् करू शकतात.