टकलाचा इलाज: हकिमाच्या तेलापासून इस्तंबूलपर्यंत

माझा भाचा बेचाळीस वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात रात्री उशिरा त्याचा फोन आला. "मामू, इस्तंबूलला जाऊन केस लावून घ्यायचा विचार आहे. कर्ज काढावं लागेल. पण आपल्या मजहबमध्ये चालतं ना? तेवढं सांगा."

मी आलिम नाही, डॉक्टरही नाही. इतिहास वाचणारा माणूस आहे. पण त्याने जायज-नाजायज विचारण्याआधी हा इलाज नेमका काय करतो हे विचारायला हवे होते, असे मला वाटले. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

टकलावरचे सर्वांत जुने लिखित नुस्खे इजिप्तच्या एबर्स पपायरसमध्ये सापडतात. काळ इसवी सनापूर्वी 1550च्या सुमाराचा. सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप आणि रानबकरा यांची चरबी एकत्र करून डोक्याला चोळा, असा त्यातला एक नुस्खा आहे. पुढे ग्रीसमध्ये हिप्पोक्रॅटिसच्या परंपरेत एक साधी नोंद झाली की, खोजांना टक्कल पडत नाही. नोंद अचूक होती. पण तिचा अर्थ उलगडायला दोन हजारांहून जास्त वर्षे लागली.

ही ग्रीक विद्या अरबीत आली आणि वाढली. इब्न सीनाने (980-1037) 'अल-कानून फित-तिब्ब'मध्ये केसांवर स्वतंत्र चर्चा केली आहे. शरीरातली वाफ त्वचेच्या छिद्रांतून बाहेर पडताना घट्ट होते आणि तिचा केस बनतो, अशी त्याची मांडणी. आज ती टिकत नाही. पण त्याने केलेला एक भेद मोलाचा आहे. सर्वसाधारण टकलाला तो 'सलअ' म्हणतो आणि मध्येच गोल चट्टे पडून केस जाण्याला 'दाउस्सालब', म्हणजे कोल्ह्याचा रोग. ग्रीकमध्येही कोल्ह्यासाठी 'अ‍ॅलोपेक्स' हा शब्द आहे. डॉक्टरांचा 'अ‍ॅलोपेशिया' त्यातूनच आला. उर्दूत या चट्ट्यांना बालखोरा म्हणतात, मराठीत चाई.

हा भेद विसरला की फसगत होते. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते आणि पुष्कळदा केस आपोआप परततात. त्या काळात जे तेल लावले असेल, त्याला यश मिळते. मग तेच तेल कपाळ मागे सरत चाललेल्या माणसाला विकले जाते. मी स्वतः दोन वर्षे रोगन बैजा मुर्ग, म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या बलकाचे तेल, टाळूला चोळले आहे. उशीला वास आला, केस आले नाहीत.

खोजांच्या नोंदीचा अर्थ 1942 साली अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी लावला. वयात येण्याआधी वृषण निकामी झालेल्या पुरुषांना टक्कल पडत नव्हते. पण घराण्यात टक्कल असलेल्यांना टेस्टोस्टेरॉन दिले की केस गळू लागत. म्हणजे आनुवंशिकता आणि पुरुषी संप्रेरक, दोन्ही लागतात. कारण डोक्याच्या कातडीवर नव्हतेच.

यानंतर जी दोन औषधे हाती आली, त्यांचा उगम टकलाच्या संशोधनात नाही. मिनॉक्सिडिल ही रक्तदाबाची गोळी, 1979 साली अमेरिकेत मंजूर झाली. ती घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आणि अंगावर केस वाढू लागले. त्यावरून टाळूला लावायचे द्रावण बनले आणि 1988 मध्ये त्याला मान्यता मिळाली.

दुसरे फिनास्टराइड. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावात काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना पुरुष होत. 1974 साली ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी त्याचे कारण प्रसिद्ध केले. टेस्टोस्टेरॉनचे डीएचटी या जास्त प्रभावी रूपात रूपांतर करणारे विकर त्यांच्यात कमी होते. या माणसांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि कपाळावरचे केस मागे सरत नसत. ते विकर अडवणारे फिनास्टराइड 1992 मध्ये प्रोस्टेटसाठी आणि 1997 मध्ये, 1 मिलिग्रॅमच्या गोळीत, टकलासाठी मंजूर झाले.

दोन्ही औषधे मुख्यतः गळती रोखतात. काहींचे केस थोडे दाटही होतात. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात आणि औषध थांबवले की मिळवलेले जाते. फिनास्टराइडने काही पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात, उदासीनतेच्याही नोंदी आहेत. प्रोस्टेटच्या पीएसए चाचणीचा आकडा त्याने साधारण निम्मा दिसतो, म्हणून चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाने ही गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना सांगायलाच हवे. गरोदर स्त्रीने तुटलेल्या गोळीला हात लावू नये.

राहिले केसरोपण. जपानच्या शोजी ओकुदा यांनी 1939 मध्ये त्याची पद्धत लिहिली होती. युद्धाच्या धामधुमीत ती पश्चिमेपर्यंत पोहोचली नाही. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेनट्राइख यांनी 1952 मध्ये टकलावर रोपण केले. मागच्या बाजूचा केस पुढे लावला तरी तो मागचाच स्वभाव ठेवतो आणि टिकतो, हे त्यांनी दाखवले. नवीन केस मात्र एकही तयार होत नाही. मागचा साठा मर्यादित असतो, आणि लावलेल्या केसांमागचे मूळचे केस गळतच राहतात. म्हणून रोपणानंतरही बहुतेकांना औषध चालू ठेवावे लागते. पॅकेजच्या जाहिरातीत हे वाक्य ठळक नसते.

आता भाच्याचा मूळ प्रश्न. दुसऱ्याचे केस जोडण्याला हदीसमध्ये मनाई आहे. रोपणात केस स्वतःचेच असतात. लढाईत नाक गमावलेल्या अरफजा (रजि.) यांना सोन्याचे नाक बसवण्याची परवानगी मिळाली होती. त्याचा दाखला देऊन अनेक समकालीन उलेमा रोपणाला जायज मानतात. तरी आपल्या आलिमला विचारून घ्यावे.

पण आपल्याच परंपरेत आणखी एक गोष्ट आहे. हजरे अस्वदचे चुंबन घेणाऱ्या हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल सहीह मुस्लिममध्ये एक रिवायत आहे. तिथे सांगणारा त्यांना टक्कल असलेले म्हणूनच ओळखतो. त्यात त्याला काही कमीपणा वाटलेला दिसत नाही.

भाच्याला मी सांगितले, "बेटा, आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. ते म्हणतील ते औषध वर्षभर घे. त्यानंतरही मन होत असेल तर साठवलेल्या पैशांनी जा, कर्ज काढून नको." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामू, ऑफिसात सगळे पोरं पंचविशीचे आहेत." केसांबद्दलचे खरे दुखणे ते होते. आम्ही मग तासभर त्याच्या नोकरीविषयी बोललो. पुढच्या आठवड्यात तो डॉक्टरकडे जाणार आहे.